पऱ्हाटीची साखर आणि फ्रीजमध्ये मेलेली बुरशी

प्रति,
मा. कुलगुरू,
अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे

विषय : शेतातल्या काडीकचऱ्यापासून साखर करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध आणि त्यांची जपणूक

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात बावीस वर्षांपासून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझं माहेर कापसाचं आणि सासरही कापसाचंच. शेवटची वेचणी झाली की आमच्याकडे वावरात आधी शेळ्या सोडतात. त्या पानं खातात, अर्धवट उमललेली बोंडं खातात, कोवळे शेंडे ओरबाडतात आणि उभी काडी तशीच सोडून जातात. मग ती उभी काडी, म्हणजे पऱ्हाटी, उपटायची, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तिचे ढीग घालायचे आणि एका संध्याकाळी पेटवून द्यायचे. पूर्वी वर्षभर चुलीला पऱ्हाटी पुरायची. आता गॅस आहे, ढीग नेणारं कुणी नाही. शिवाय उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून फरदड (वेचणीनंतर लांबवलेलं कपाशीचं पीक) ठेवू नका, पऱ्हाटी वेळेत वावराबाहेर काढा, हे कृषी खातंही सांगतं आणि ते बरोबरच सांगतं. त्यामुळे पेटवणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

माझे वडील सातवी शिकलेले. मी एकदा त्यांना सांगितलं की पऱ्हाटीत साखर असते, आपल्या ऊसातल्यासारखी नव्हे, पण साखरच. ते जळत्या ढिगाकडे बघत म्हणाले, "मंग बाई, ते काढाची कशी हे तुमच्या कॉलेजले काहून नाही समजत?" त्यांना अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

आपण सगळे या विषयातले जाणकार आहात, पण पत्र खुलं आहे, म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. भाकरीतला स्टार्च आणि पऱ्हाटीतलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. फरक फक्त एका ग्लुकोजने दुसऱ्याला धरलेल्या हाताचा. स्टार्चमधली पकड आपल्या लाळेतलं एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं विकर, सहज सोडवतं. सेल्युलोजमध्ये हीच पकड उलटी आहे, साखळ्या एकमेकींना चिकटून सुंभासारख्या पिळल्या आहेत, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचा गुंता आहे आणि वरून लिग्निनचा गिलावा. ढोबळमानाने सुक्या पऱ्हाटीत ४० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज आणि पाव हिस्सा लिग्निन असतं. एक किलो सेल्युलोज पूर्ण तुटलं तर सुमारे १.१ किलो ग्लुकोज मिळतं, कारण प्रत्येक जोड सुटताना पाण्याचा एक रेणू आत शिरतो. म्हणजे कागदावर तरी टनभर पऱ्हाटीत चारशे किलोंहून जास्त ग्लुकोज आहे. प्रत्यक्षात हाती येतं ते बरंच कमी, आणि किती कमी ते ठरतं कोणती एन्झाइम वापरली त्यावर.

हे काम एकट्या एन्झाइमचं नव्हे. एक जण साखळी मधेच तोडतो, दुसरा टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवत जातो, तिसरा त्या जोड्या फोडतो. तिसरा कमी पडला तर जोड्या साचतात आणि पहिल्या दोघांचं कामही थांबवतात. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या पुस्तकांत एवढीच गोष्ट असायची. मग २०१० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी, कायटिनवर, म्हणजे किडे-खेकड्यांच्या कवचातल्या पदार्थावर, काम करणाऱ्या एका जिवाणूच्या प्रथिनाचा अभ्यास करताना, दाखवून दिलं की काही एन्झाइम पाण्याऐवजी ऑक्सिजनचा वापर करून साखळीला खाच पाडतात. सेल्युलोजवरही असे कामगार असल्याचं लगेच लक्षात आलं. इतकी मूलभूत गोष्ट इतक्या उशिरा कळावी, याचा अर्थ मला एवढाच लागतो की मातीत अजून बरंच काही आहे जे कुणी पाहिलेलं नाही.

आता माझ्या मनाला लागलेली एक गोष्ट सांगते.

आठ वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने, शेतमजुराच्या मुलाने, प्रकल्पासाठी गावातल्या एका धुऱ्यावरच्या जुन्या ढिगाखालची पऱ्हाटी आणली. मालकाने तो ढीग दोन पावसाळे पेटवलाच नव्हता. खालच्या काड्या हाताने चुरडत होत्या. त्याने त्यातून एक हिरवट बुरशी वेगळी केली. नेहमीप्रमाणे सीएमसी या विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या प्लेटवर वाढवून काँगो रेड हा रंग ओतला, तर वसाहतीभोवती सेल्युलोज तुटल्याची खूण असलेलं फिकं वर्तुळ एवढं मोठं आलं की त्याने दुसऱ्यांदा करून पाहिलं. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात, फोटो काढतात, प्रकल्प जमा करतात. हा थांबला नाही. त्याने फ्लास्कमध्ये गाळणकागदाच्या पट्ट्या टाकून ठेवल्या. सहाव्या दिवशी पट्ट्यांचा लगदा झाला होता. मग दळलेली पऱ्हाटी कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन, तिच्यावर बुरशीचं पाणी घातलं आणि सुटलेली साखर दाखवणारी डीएनएसची चाचणी केली. नळीत विटकरी रंग चढत गेला, म्हणजे साखर सुटली होती. त्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो आणि कितीतरी वेळ ती नळी उजेडात धरून बघत राहिलो.

त्याला पहिला वर्ग मिळाला. बुरशीच्या चार नळ्या फ्रीजमध्ये राहिल्या. अशा नळ्या दोन-तीन महिन्यांनी नव्या माध्यमावर हलवाव्या लागतात, नाहीतर त्या मरतात किंवा दुसरं काहीतरी त्यांच्यावर उगवतं. मे महिन्याच्या सुट्टीत वीज गेली, फ्रीज कित्येक दिवस बंद राहिला, आणि मी जूनमध्ये परत आले तेव्हा चारही नळ्यांत काळी बुरशी होती. चूक माझी होती. मी त्या नळ्या घरी न्यायला हव्या होत्या किंवा पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात पाठवायला हव्या होत्या. पुढच्या वर्षी त्या मुलाला सांगितलं, तेव्हा तो मला तो धुरा दाखवायला घेऊन गेला. तिथे राख होती.

ही एकट्या माझी गोष्ट नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांत दरवर्षी मुलं शेणखत, वारूळ, कंपोस्ट, कुजकं लाकूड, शेळीचं पोट अशा ठिकाणांहून सेल्युलोज तोडणारे सूक्ष्मजीव शोधतात. विषय सोपा आहे, रसायनं स्वस्त आहेत, प्लेटवर वर्तुळ दिसतं, मुलांना आनंद होतो. प्रकल्प जमा होतो आणि सूक्ष्मजीव मरतो. आपल्या चारही विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, तिथले पदव्युत्तर प्रबंधही याच वाटेने जातात. शोधाचं काम महाराष्ट्रात होतच नाही असं नाही. शोधून काढलेलं पुढच्या माणसाच्या हाती जातच नाही.

जपून ठेवल्याने काय होतं याची दोन उदाहरणं मी दरवर्षी वर्गात सांगते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे कापडी तंबू कुजत होते. त्यांच्यावरची एक बुरशी सैन्याच्या प्रयोगशाळेने वेगळी केली, तिला क्यूएम६ए हा क्रमांक दिला आणि जपून ठेवली. तंबू वाचवायला सुरू झालेल्या त्या कामातून एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे सेल्युलोजपासून साखर करण्याचं शास्त्र उभं केलं. ती बुरशी आधी ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजली गेली, नंतर रीझ यांच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीझाय झाली. आज जगभर सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी एन्झाइम, बनवणाऱ्या कारखान्यांतले या जातीचे वाण त्या एका नळीचे वंशज आहेत. ट्रायकोडर्माचा पुडा आपल्या विद्यापीठांतून तुरीच्या मर रोगासाठी शेतकरी घेऊन जातो, तो याच कुळातला. बुरशी वाढवणं, सुकवणं, पुड्यात भरून वर्षभर जिवंत ठेवणं, हे सगळं आपल्याला येतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या सेल्युलेजवर चांगलं काम झालं.  त्या प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि त्या संग्रहात एनसीआयएम १२२८ या क्रमांकाने याच जातीचा एक वाण राहिला. कित्येक वर्षांनी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी तो उचलला, त्याची एन्झाइम नावाजलेल्या मिश्रणांच्या तोडीची असल्याचं दाखवलं आणि जनुकांत बदल करून ती आणखी वाढवली. कुणीतरी कित्येक वर्षं त्या नळ्या सांभाळल्या, म्हणून हे होऊ शकलं.

आपल्याकडे हा शोध वेगळा का करावा लागेल, याचं कारण पऱ्हाटीतच आहे. बाजारातली मोठी एन्झाइम मिश्रणं मुख्यतः अमेरिकेतल्या मक्याच्या धांड्यांवर घडवली गेली. आपल्या देशात २०२२ च्या ऑगस्टमध्ये पानिपतला दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे काडीकचऱ्यापासून केलेल्या, इथेनॉलचा जो मोठा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला १०० किलोलिटरचा, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं असलं तरी कच्चा माल धानाचा पेंढा आहे. पेंढ्यात सिलिका जास्त, लिग्निन कमी. पऱ्हाटी तर चक्क लाकूड आहे. महाराष्ट्रात कपाशी साधारण ४० लाख हेक्टरवर असते आणि हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. एवढ्या मालासाठी दुसऱ्याच्या पिकावर बेतलेली एन्झाइम आणून वापरायची, तर त्यांची मात्रा आणि खर्च दोन्ही वाढतात. आपल्या काडीवर वाढणारे सूक्ष्मजीव आपल्याच धुऱ्यावर आहेत. दोन पावसाळ्यांत त्यांनी ढिगाचा चुरा केलेला मी पाहिला आहे.

त्यामुळे माझी पहिली विनंती अगदी लहान आहे. अकोल्याच्या विद्यापीठाने आपल्या प्रक्षेत्रावरची, एकाच वाणाची, एकाच हंगामातली पऱ्हाटी सुकवून, ठरावीक जाळीतून दळून, तिचं सेल्युलोज आणि लिग्निन मोजून, पोत्यात भरून ठेवावी, आणि मागेल त्या महाविद्यालयाला किलोभर द्यावी. तिला प्रमाण पऱ्हाटी म्हणू. अर्धी तशीच दळलेली, अर्धी अल्कलीने किंवा वाफेने मोकळी केलेली. परभणीने असंच तुराटी (तुरीची काडी) आणि सोयाबीनच्या कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) करावं, राहुरीने उसाच्या पाचटाचं, दापोलीने भाताच्या पेंढ्याचं.

हे का हवं ते स्पष्ट लिहिते, कारण गडबड इथेच होते. सीएमसीच्या प्लेटवरचं वर्तुळ फसवं असतं. सीएमसी हे पाण्यात विरघळणारं, रसायनाने सैल केलेलं सेल्युलोज आहे. ते तोडणारे जिवाणू शेकड्यांनी सापडतात, पण त्यातले फार थोडे खऱ्या, घट्ट, पिळलेल्या सेल्युलोजला हात लावू शकतात. गाळणकागदाची चाचणी त्याहून खरी. ती जगभर ज्या पद्धतीने करतात ती प्रमाण पद्धत १९८७ मध्ये दिल्ली आयआयटीचे प्रा. टी. के. घोष यांनी लिहिली. पण त्या चाचणीतही काडी नसते, लिग्निन नसतं. लिग्निन एन्झाइमला चिकटवून घेतं आणि निकामी करतं. म्हणून खरी परीक्षा काडीवरच व्हायला हवी, आणि ती सगळ्यांची एकाच काडीवर व्हायला हवी. आज एकाने वणीची पऱ्हाटी वापरली, दुसऱ्याने जळगावची, तिसऱ्याने नुसता गाळणकागद, तर त्या तीन आकड्यांची तुलना कशी करणार? प्रमाण पऱ्हाटी असेल तर माझ्या कॉलेजातल्या मुलीचा आकडा आणि आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येईल.

दुसरी विनंती संग्रहाची. प्रत्येक विद्यापीठात उणे ८० अंशांचा एक फ्रीझर आणि सूक्ष्मजीव सुकवून नळीत बंद करण्याची एक सोय फक्त या कामासाठी असावी. पऱ्हाटीच्या परीक्षेत जे वाण ठरावीक मर्यादेवर उतरतील, त्यांची नोंद, कुठे सापडले, कोणी शोधले, आकडे काय आले, हे सगळं त्या नळीसोबत राहावं. सर्वांत चांगले पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करावेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर ज्या समित्या आहेत, त्यांच्याकडे त्या धुऱ्याची आणि गावाची नोंद व्हावी, म्हणजे उद्या एखाद्या बुरशीतून उद्योग उभा राहिला तर गाव त्यात कुठेतरी असेल. शोधणाऱ्या मुलाचं नाव नळीच्या नोंदीत आयुष्यभर राहावं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

कुठे शोधायचं, हे सांगण्याची गरज आपल्याला नाही, तरी दोन जागांबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. एक लोणारचं सरोवर. तिथल्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खारात राहणाऱ्या आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं. पण मला त्या काठावरच्या कुजणाऱ्या पानांत राहणारे जिवाणू जास्त खुणावतात. पऱ्हाटी अल्कलीत उकळली की लिग्निन सुटतं, पण नंतर ती पाण्याने धूत बसावं लागतं, कारण ट्रायकोडर्माच्या एन्झाइमांना सामू पाचच्या आसपास लागतो. आमच्याकडे मार्चनंतर प्यायला पाणी नसतं, काडी धुवायला कुठून आणणार? अल्कलीतच काम करणारी एन्झाइम मिळाली, तर धुण्याचं बरंचसं पाणी वाचेल.

दुसरी जागा शेळीचं पोट. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या बुरशी तिथे असतात, काडीत मुळांसारखे धागे घुसवतात आणि अनेक एन्झाइम एकत्र बांधून वापरतात. याच आघारकर संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये शेळीच्या पोटातल्या अशा एका बुरशीचा नवा वंशच वर्णन केला, लिबेटान्झोमायसिस या नावाने. आमच्या वावरात पऱ्हाटीची पानं आणि शेंडे खाणाऱ्या शेळ्या दरवर्षी येतात. त्यांच्या पोटात कोण राहतं, ते पाहायला विदर्भातलं कुणीही आजवर आमच्या गावात आलेलं नाही.

आता आक्षेपांबद्दल. सगळी पऱ्हाटी उचलून न्या, असं माझं म्हणणं नाही. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. श्रेडरने बारीक करून मातीत गाडता येते तिथे ती मातीचीच आहे, आणि हे आपल्याच शिफारशींत आहे. पऱ्हाटीपासून लाकडासारख्या फळ्या (पार्टिकल बोर्ड) करण्याचं काम मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केलं आहे, ब्रिकेटचे, म्हणजे काडी दाबून केलेल्या जळणाच्या विटांचे, कारखानेही आहेत. मात्र ब्रिकेट शेवटी जळते आणि तिची फक्त उष्णता मिळते. साखर मिळाली तर तिचं यीस्टकडून इथेनॉल होतं, जिवाणूंकडून लॅक्टिक आम्ल होतं, हेमिसेल्युलोजमधल्या झायलोज या साखरेचं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य होतं. आणि मी हेही प्रामाणिकपणे सांगते की यातून येत्या हंगामात कुणाच्या खिशात पैसा येणार नाही. गोळा करण्याची मजुरी, वाहतूक, काडी मोकळी करण्याचा खर्च, हे प्रश्न एन्झाइमने सुटत नाहीत. पण केंद्राचं २०१८ चं जैवइंधन धोरण आहे, २०१९ पासून पीएम जी-वन योजना दुसऱ्या पिढीच्या प्रकल्पांना मदत देते. उद्या कुणी उद्योजक विदर्भात प्रकल्पाची चौकशी करायला आला आणि त्याने विचारलं की पऱ्हाटीवर काम करणारी तुमची एन्झाइम कोणती, तर आज आपल्यापैकी कुणाकडेही उत्तराची एक नळीसुद्धा नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या नऊ बुरशी आणि चार जिवाणू जिवंत आहेत. सगळे गाळणकागदाच्या चाचणीत उतरलेले, सगळे याच तालुक्यातल्या धुऱ्यांवरचे आणि वारुळांतले. दर दोन महिन्यांनी मी त्यांना नव्या नळीत हलवते, मे महिन्यात घरच्या फ्रीजमध्ये ठेवते. मला निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत. या तेरा नळ्या मी स्वतः एसटीने, बर्फाच्या डब्यात घेऊन, आपल्यापैकी कुणाच्याही विद्यापीठात येईन. कोणत्या विभागात, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाती द्यायच्या, तेवढं कृपया कळवावं. पऱ्हाटी उपटायला सुरुवात होण्याआधी कळलं तर या वर्षीच्या ढिगांखालचे नमुनेही सोबत आणता येतील.

आपली नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातली एक सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका